सहा जणांची क्रूझ आणि वाढलेले सात पाहुणे

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना या डिसेंबरमध्ये ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आम्ही एप्रिलमध्येच सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे बुकिंग केले. पेनांग आणि फुकेत करून जहाज पुन्हा सिंगापूरला येते. ते १९ डिसेंबरला सुटणार आहे. एका केबिनमध्ये मी, माझे यजमान आणि आमची दोन मुले, तर दुसऱ्या बाल्कनीच्या केबिनमध्ये सासू-सासरे अशी व्यवस्था आहे. ॲडव्हान्स भरला असून उरलेली रक्कम ५ ऑक्टोबरपर्यंत भरायची आहे. यंदा गणपतीत सगळे घरी जमले असताना आरतीनंतर सासऱ्यांनी हौसेने जहाजाचा विषय काढला आणि "चला की सगळे" असे म्हटले. तेव्हापासून नणंद, तिचे यजमान व त्यांची २० वर्षांची मुलगी, सासऱ्यांची ७२ वर्षांची बहीण, म्हणजे माझ्या आतेसासूबाई (त्या एकट्याच असतात), आणि चुलत दीर-जाऊ व त्यांचे २४ जूनला जन्मलेले बाळ असे सात जण यायच्या तयारीत आहेत. एजंट म्हणतो, सासूबाईंच्या केबिनमध्ये एक जण घालता येईल, बाकीच्यांचे बघावे लागेल. सर्वांना आमच्याच दरात आमच्या बुकिंगमध्ये घालून घेता येईल का? शिवाय आतेसासूबाईंचा खर्च कोणी करायचा, हा विषय काढायलाही मला संकोच वाटतो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण "बुकिंगमध्ये घालून घेता येईल का" असे विचारले आहे. माझे मत असे की, आपल्या दोन्ही केबिनचे बुकिंग जसे आहे तसेच राहू द्यावे, त्यात एकही नाव वाढवू नये. येणाऱ्यांनी आपापले स्वतंत्र बुकिंग करावे आणि ती सर्व बुकिंगे एकमेकांना जोडून घ्यावीत. सातांपैकी चार जण या पद्धतीने सहज येऊ शकतील. चुलत दीर-जाऊ आणि बाळ यांना मात्र या फेरीला येता येणार नाही, त्याचे कारण पुढे सांगतो.

आपल्याकडे ऐन वेळी चार पाने वाढली तर आमटीत तांब्याभर पाणी घालून वेळ निभावते, त्यामुळे "एक माणूस वाढल्याने असे काय होते" हा प्रश्न नातेवाइकांना पडणे अगदी स्वाभाविक आहे. जहाजावर एक माणूस वाढण्याचा संबंध जेवणाशी नसतो. तो पलंगाशी असतो, आणि पलंगाहूनही अधिक लाइफबोटीतल्या जागेशी असतो. टायटॅनिक १९१२ साली बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच्या आजच्या रूपानुसार जहाजावरील प्रत्येकाची जीवरक्षक साधनांत मोजून सोय करावी लागते. प्रत्येक केबिन संकटकाळी जमण्याच्या एका ठरावीक जागेशी आणि तेथील बोटींशी बांधलेली असते. त्यामुळे एखाद्या केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग रिकामा दिसत असला, तरी त्या भागातील बोटींची माणसे पूर्ण झाली असतील तर तो पलंग विकता येत नाही. डिसेंबरच्या सुटीत मुलाबाळांची कुटुंबे अधिक असतात, तिसरे-चौथे पलंग भराभर जातात आणि ही मर्यादा लवकर गाठली जाते. एजंट उद्या "सिस्टीम घेत नाही" असे म्हणाला, तर तो टाळाटाळ करत आहे असे समजू नये. आपली स्वतःची केबिन तर चौघांनी भरलेलीच आहे, तेव्हा तिचा विचार सोडून द्यावा.

आता प्रश्न उरतो सासू-सासऱ्यांच्या केबिनचा. एजंटाने "एक जण घालता येईल" असे सांगितले, ते खरे असेलही, पण ते अर्धेच सांगितले. क्रूझचा दर विमानाच्या तिकिटासारखा रोज बदलतो. केबिनचे भाडे दोन माणसे गृहीत धरून लावलेले असते, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे बहुधा कमी असते, म्हणून तो स्वस्तात येतो अशी समजूत होते. पण कित्येक कंपन्यांत जुन्या बुकिंगमध्ये माणूस वाढवला की संपूर्ण केबिनचा हिशेब आजच्या दराने नव्याने मांडला जातो. उदाहरणादाखल असे समजू की, आपण एप्रिलमध्ये सासू-सासऱ्यांचे माणशी ६० हजार रुपये ठरवले होते आणि आज त्याच केबिनचा दर माणशी ७५ हजार आहे. आतेसासूबाईंचे तिसऱ्या माणसाचे भाडे ३५ हजार सांगितले जाईल. पण केबिनचा हिशेब नव्याने झाला, तर १ लाख २० हजारांच्या जागी १ लाख ८५ हजार भरावे लागतील, म्हणजे आतेसासूबाईंच्या नावावर ३५ हजार दिसले तरी प्रत्यक्षात ६५ हजार वाढलेले असतील. हे आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत तीच आहे. एजंटाला विचारायचेच असेल, तर "किती वाढतील" असे न विचारता "बदलानंतर संपूर्ण केबिनची एकूण रक्कम किती होईल" असे विचारावे, आणि ती रक्कम लेखी हातात आल्याखेरीज त्याला संगणकावर कोणताही बदल कायम करू देऊ नये. एकदा बदल कायम झाला की एप्रिलचा दर सहसा परत मिळत नाही. क्वचित उलटही घडते. आजचा दर आपल्या दरापेक्षा उतरला असेल, तर शेवटची रक्कम भरण्यापूर्वी काही कंपन्या तो कमी दर लावून देतात, म्हणून याच निमित्ताने तेवढे विचारून घ्यायला हरकत नाही.

पैशाचे गणित जुळले तरीही मी आतेसासूबाईंना त्या केबिनमध्ये घालण्याच्या विरुद्धच आहे. बाल्कनीच्या केबिनचा आतला भाग बहुतेक मोठ्या जहाजांवर १८० ते २०० चौरस फुटांच्या आसपास असतो, म्हणजे साधारण बारा बाय पंधराची खोली, आणि बाथरूम व कपाट त्यातच आले. तिसऱ्या माणसासाठी एक तर सोफा रात्री उघडून पलंग करतात किंवा रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा पलंग छतातून अथवा भिंतीतून खाली येतो आणि शिडीने वर चढावे लागते. ७२ वर्षांच्या बाईंना शिडी चढायला लावणे शक्यच नाही. सोफा उघडला, तर मोठा पलंग आणि सोफा यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट राहते. रात्री दोन-तीनदा उठावे लागणारी तीन वयस्क माणसे, अंधारात ती वाट, पुढे बाथरूमच्या दारातला उंबरठा (जहाजावर पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो बहुधा उंच असतो) आणि त्यात जहाजाचे हलके डोलणे, हे चित्र मला काही केल्या पसंत पडत नाही. ज्यांच्या पंच्याहत्तरीसाठी ही सहल आहे, त्या गृहस्थांना चार रात्री बाथरूमसाठी रांग लावावी लागू नये, एवढे तरी आपण पाहावे.

माझ्या मते व्यवस्था अशी असावी. नणंद आणि त्यांचे यजमान यांची एक केबिन आणि आतेसासूबाई व नणदेची मुलगी यांची दुसरी. आजी आणि नात असे दोन प्रौढांचे बुकिंग झाले की, दोघींचेही भाडे नेहमीच्या दोघांच्या हिशेबाने लागते. आतेसासूबाईंनी एकटीने केबिन घेतली, तर बहुतेक कंपन्या रिकाम्या पलंगाचेही भाडे घेतात आणि ते जवळजवळ दुप्पट पडते. तसेच मुलीला आईवडिलांच्या केबिनमध्ये तिसरी म्हणून घातली, तर वाचलेले पैसे आजीच्या एकटेपणाच्या भाड्यात निघून जातील. विसाव्या वर्षी आईवडिलांच्या खोलीत सोफ्यावर झोपण्यापेक्षा मुलीलाही आजीची सोबत अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे, पण तिला विचारावे हे बरे. वयाच्या अटीची अडचण येऊ नये. सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांत १८ वर्षांच्या व्यक्तीला प्रौढ धरण्याची पद्धत आहे, अमेरिकेतून निघणाऱ्या फेऱ्यांत हीच अट २१ वर्षांची असते, आणि येथे तर सोबत आजी आहेच.

केबिन निवडताना एका सवलतीपासून सावध राहावे. "गॅरंटी केबिन" या नावाने काही केबिन स्वस्तात मिळतात. त्यात केबिनचा प्रकार तेवढा निश्चित असतो, क्रमांक मात्र कंपनी नंतर आपल्या सोयीने देते. नणंद आणि त्यांच्या यजमानांनी ती घेतली तर बिघडत नाही. आतेसासूबाईंसाठी मात्र क्रमांक स्वतः निवडावा, लिफ्टच्या जवळचा आणि जमल्यास सासू-सासऱ्यांच्याच डेकवरचा. शेजारच्याच केबिनचा हट्ट धरू नये, त्या एव्हाना गेलेल्या असण्याचीच शक्यता आहे. चार दिवसांत माणूस केबिनमध्ये झोपण्यापुरता असतो.

बुकिंगे जोडून घेणे म्हणजे प्रत्येक बुकिंगच्या नोंदीत इतरांचे क्रमांक टाकून घेणे. हे काम त्याच एजंटाकडून अथवा कंपनीला कळवून होते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. त्यामुळे रात्रीच्या जेवणाची वेळ एकच मिळते आणि दहा जणांना एक मोठे किंवा शेजारची दोन टेबले मागता येतात. शाकाहार, कांदा-लसूण नको, मधुमेहाचे पथ्य, या गोष्टी त्याच वेळी नोंदवाव्यात, जहाजावर चढल्यावर सांगू असे म्हणून पुढे ढकलू नयेत. एजंट कदाचित "ग्रुप करून देतो, ग्रुपचा दर मिळवून देतो" असे म्हणेल. मोठ्या कंपन्यांत ग्रुप धरण्यासाठी साधारण आठ केबिन लागतात आणि आपल्या सगळ्या मिळून चारच होतात, तेव्हा त्या आशेवर वेळ घालवू नये.

स्वतंत्र बुकिंगाचा आणखी एक फायदा लग्नकार्यातल्या अनुभवाने आपल्याला सहज पटेल. कोणाचे तरी ऐन वेळी रद्द होतेच. एकाच केबिनमध्ये तिघे असताना एकाने माघार घेतली, तर उरलेल्या दोघांचे कागद पुन्हा उघडावे लागतात, आणि दोघांपैकी एक गळला तर राहिलेल्यावर एकट्याचे भाडे येऊ शकते. नणदेच्या यजमानांना रजा मिळाली नाही, तर तो प्रश्न त्यांच्या केबिनपुरता राहावा, सासऱ्यांच्या केबिनपर्यंत येऊ नये. ५ ऑक्टोबर ही तारीख येथे फार महत्त्वाची आहे. त्यानंतर केलेल्या रद्दीवर आणि पुष्कळदा बदलांवरही कपात सुरू होते, आणि प्रवासाचा दिवस जवळ येईल तशी ती वाढत जाते. नव्या बुकिंगांनाही ती तारीख लागू होईल, किंबहुना तारीख उलटून गेल्यावर बुकिंग केले तर संपूर्ण रक्कम एकदम भरावी लागेल.

आता बाळाविषयी. क्रूझ कंपन्यांची सर्वसाधारण अट अशी आहे की, जहाज सुटण्याच्या दिवशी बाळाला सहा महिने पूर्ण झालेले असावेत, आणि लांबवर खुल्या समुद्रातून जाणाऱ्या फेऱ्यांत तर बारा महिने. २४ जूनला जन्मलेल्या बाळाला सहा महिने २४ डिसेंबरला पूर्ण होतील आणि आपले जहाज १९ तारखेला सुटते. पाच दिवस कमी पडतात. या पाच दिवसांसाठी विनंती करून, डॉक्टरांचे पत्र जोडून किंवा बंदरावर गेल्यावर समजूत घालून काही होत नाही. चढण्यापूर्वी पासपोर्टवरील जन्मतारीख पाहतात आणि बाळासह आईवडिलांनाही परत पाठवतात, शिवाय भरलेल्या पैशांवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला "तान्ह्या बाळाचे काय मोजतात" असे सांगून एका एजंटाने बुकिंग करून दिले होते, पुढे ऐन वेळी आजोबांच्या साठीच्या सहलीत बाळाची आई घरीच राहिली. तान्हे बाळही जहाजाच्या मोजणीत पूर्ण माणूस असते, कारण लाइफबोटीत त्यालाही जागा लागते. तेव्हा चुलत दीर-जावेला आजच मोकळेपणाने कळवावे, त्यात आपला काही दोष नाही. हवे तर ते कुटुंब १९ तारखेपूर्वी सिंगापूरमध्ये दोन दिवस आपल्याबरोबर राहून परत येऊ शकेल, पण पाच-सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन तेवढ्यासाठी विमानप्रवास करण्यापेक्षा पंच्याहत्तरीची पूजा आणि जेवण घरी वेगळे करावे, हे मला अधिक सरळ वाटते.

"आमच्याच दरात" ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी लागेल, आणि ती नणंदबाईंनाही सोडायला सांगावी लागेल. आपण एप्रिलमध्ये ठरवलेला दर हा तेव्हा ॲडव्हान्स अडकवून ठेवल्याचा मोबदला होता. आज तीच केबिन महाग असेल तर तो फरक आपण सोसायचा नाही, सर्वांची सरासरी काढून समान वाटूनही घ्यायचा नाही. सरासरी काढली की कोणाला काय पडले हे कोणालाच कळत नाही आणि पुढची दोन वर्षे प्रत्येक हळदीकुंकवाला तो हिशेब निघतो. भाड्याशिवाय बंदराचे शुल्क व कर आणि जहाजावरील सेवकवर्गासाठीची टिप, हे दोन्ही माणशी वेगळे असतात. टिप माणशी दररोज साधारण १५ ते २० अमेरिकी डॉलर होते आणि ती केबिनच्या बिलात आपोआप येते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. पैसे ज्याचे त्याने थेट एजंटाला किंवा कंपनीला भरावेत, आपल्या यजमानांच्या खात्यातून सर्वांचे भरून मग गोळा करू नयेत. यामागे केवळ उधारीची भीती नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने पैसे घेतानाच कापून सरकारकडे भरायचा आगाऊ कर) घेतला जातो, तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा दिसतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्यालाच तो वळता करून घेता येतो. नणदेच्या यजमानांचा टीसीएस आपल्या यजमानांच्या नावावर पडला, तर तो निस्तरणे कटकटीचे असते.

कागदपत्रांत नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आतेसासूबाईंना घरात सगळे कोणत्या तरी लाडक्या नावाने हाक मारत असतील, आणि बुकिंग करणाऱ्याने तेच नाव लिहून टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आपल्याकडे लग्नानंतर बदललेले नाव, मधले पतीचे नाव आणि माहेरच्या आडनावावरचे जुने दाखले यांचा घोळ नेहमीचाच असतो. पासपोर्टचे पहिले पान समोर ठेवून त्यावर जसे छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर, नाव उतरवून घ्यावे. एखादे अक्षर दुरुस्त करून मिळते, माणूसच बदलायचा झाला तर काही कंपन्यांत ते नवे बुकिंग धरले जाते. पासपोर्टची मुदत परतीच्या दिवसानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. सिंगापूरचा व्हिसा प्रत्येकाला लागेल आणि तो एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा असला पाहिजे, कारण जहाजाने बाहेर पडून आपण पुन्हा सिंगापूरमध्येच उतरणार आहोत. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला, तरी तेथील डिजिटल नोंदणी करावीच लागते, आणि थायलंडच्याही स्वतःच्या अटी आहेत. या अटी बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. ज्येष्ठांचा प्रवासविमा काढताना रक्तदाब-मधुमेह लपवू नये. जहाजावरील दवाखान्यात डॉक्टर असतात, पण तेथील बिल डॉलरमध्ये येते.

आता आपल्या संकोचाविषयी. आतेसासूबाईंचा खर्च हा विषय आपण काढूच नये. तो आपल्या यजमानांनी आणि नणंदेने काढावा. दोघांच्याही त्या आत्या आहेत आणि सून म्हणून आपण तो काढला तर त्याला नको तो अर्थ चिकटेल. दोघा भावंडांनी आधी आपसांत ठरवावे की आत्याचे भाडे, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि विमा मिळून जी रक्कम होईल ती निम्मी-निम्मी करायची. सासऱ्यांना स्वतः काही भार उचलायचा असेल तर त्यांना उचलू द्यावा, बहिणीला नेण्याची हौस त्यांचीच आहे. हे ठरल्यानंतर भाच्याने, म्हणजे आपल्या यजमानांनी, एकट्याने जाऊन आत्यांना विचारावे, चारचौघांत नव्हे, आणि पहिला प्रश्न पैशांचा नसावा. त्यांना खरोखर यायचे आहे का, हा असावा. आरतीनंतरच्या गर्दीत भावाच्या आग्रहाला मान डोलावणे वेगळे आणि चार रात्री समुद्रावर राहायला तयार असणे वेगळे. त्या "मी माझे पैसे देईन" असे म्हणाल्या तर हट्टाने नाकारू नये. विमानाचे तिकीट तेवढे त्यांना काढू द्यावे, म्हणजे त्यांचाही मान राहील. त्यांनी येत नाही असे सांगितले, तर नणदेची मुलगी आईवडिलांच्या केबिनमध्ये तिसरी होईल. म्हणून नणंदबाईंनी केबिन घेण्यापूर्वी आत्यांचे उत्तर हाती असले पाहिजे.

हे सर्व ठरल्यावर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यजमानांच्या नावाने एक निरोप जावा, साधारण असा : "बाबांच्या पंच्याहत्तरीच्या क्रूझचे आमचे बुकिंग एप्रिलचे असून त्यात आता जागा वाढवता येत नाही. त्याच जहाजावर केबिन शिल्लक आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी २८ सप्टेंबरपर्यंत पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो एजंटाकडे पाठवून स्वतःची केबिन निश्चित करावी. दर आजचा लागेल. बुकिंगे एकमेकांना जोडण्याचे काम मी करून घेईन." यात क्षमायाचना नको आणि "बघू या" हे शब्द तर मुळीच नकोत, कारण आपल्याकडे त्यांचा अर्थ प्रत्येक जण आपल्याला हवा तसा लावतो. हा निरोप जाण्यापूर्वी चुलत दीर-जावेला फोन झालेला असावा, बाळाची बातमी त्यांना ग्रुपवर वाचायला मिळू नये. आणि नवरात्रात सगळे पुन्हा जमतील, तेव्हा सासऱ्यांनी जहाजाचा विषय काढलाच, तर केबिन चार आणि माणसे दहा, हा आकडा आपल्या यजमानांनी आरती सुरू होण्यापूर्वीच मोठ्याने सांगून टाकावा.